बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

माळ्यावरून शेगडी खाली काढली त्या दिवशी मला मोठे समाधान वाटले होते. लेकीला सातवा महिना लागला होता. लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिलेले, त्यामुळे घरात आनंदाइतकीच धाकधूकही होती. पौषात, वाईच्या ऐन थंडीत, ती बाळंत होणार होती; आणि माहेरी आलेल्या लेकीच्या बाळंतपणात काही उणे राहिले, असे पुढे कोणी म्हणू नये म्हणून मी कार्तिकापासूनच तयारीला लागले होते. बाज नव्याने विणून घेतली. बाळंतशोपा, ओवा, वेखंड, ऊद, आळीव, डिंक सारे निवडून डब्यांत भरले. जुन्या ट्रंकेतली दुपटी, झबली, कुंच्या बाहेर काढल्या. लोणारी कोळशाचे एक पोते आणवून न्हाणीघरामागे ठेवले. शेगडी माझ्या आईची, लोखंडी, तीन पायांची, तुटलेल्या कानाच्या जागी तार बांधलेली. राखेने घासल्यावर ती पुन्हा नव्यासारखी दिसू लागली.

डोहाळजेवणासाठी लेक आली आणि बाजेखालची शेगडी पाहून दारातच थबकली.

“आई, ही कशासाठी?”

“कशासाठी म्हणजे? शेकायला. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला शेक नको का?”

“खोलीत कोळसे पेटवायचे?”

“मग काय अंगणात पेटवायचे?” मी हसत म्हटले.

ती हसली नाही. “आई, खोलीत शेगडी पेटणार असेल, तर मी त्या खोलीत बाळाला घेऊन झोपणार नाही,” एवढे म्हणून ती हातपाय धुवायला निघून गेली.

मला राग आला. माझ्या वयाच्या प्रत्येक बाईला अशा वेळी जे वाक्य सुचते, तेच मलाही सुचले, आणि जेवताना मी ते ऐकवलेही: “आम्ही वाढवलीच की मुले! आम्ही काय मेलो?” वाक्य तोंडातून गेले आणि माझे मलाच ते नीट ऐकू आले. माझी आई सात वेळा बाळंत झाली. आम्ही भावंडे पाच. उरलेल्या दोघांविषयी घरात कधी कोणी बोलले नाही. एकाला ‘डबा’ झाला होता, दुसरे ‘आपोआप गेले’, एवढेच कानावर आले होते. जी मुले गेली ती येऊन साक्ष देऊ शकत नाहीत. साक्ष देणारे आम्ही सगळे वाचलेले. १९७१ साली आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला होता. तेव्हा ‘आम्ही वाढवलीच की’ हा पुरावा नव्हे, हे मला त्या ताटावर बसल्या बसल्या कळले. मात्र तसे कबूल करण्याइतके मोठे मन त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते.

रात्री ती माझ्या अंथरुणावर येऊन बसली. तिच्या हातात एक वही होती. गेले काही महिने ती त्या वहीत प्रश्न लिहून ठेवत होती आणि तपासणीला गेली की एकेक विचारून घेत होती. पण त्या रात्री तिने वही उघडली नाही. तिने वेगळेच विचारले.

“आई, दादाच्या वेळी तुला बाळंतवारा झाला होता ना? त्या खोलीत शेगडी होती का?”

माझे माहेर पाटण तालुक्यातले. तिकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. १९८२ सालचा श्रावण होता. थोरला मुलगा जन्मून नऊ दिवस झाले होते. बाळंतिणीची खोली म्हणजे माजघरालगतची अंधारी खोली; तिला एकच खिडकी, आणि ‘वारा लागेल’ म्हणून तिच्या फटींतही चिंध्या कोंबलेल्या. दाराला घोंगडी. भिंतींना ओल. दुपटी वाळत नसत, म्हणून ती शेगडीवर पाटी पालथी घालून वाळवायची. त्या रात्री थंडी फार म्हणून आजीने शेगडीत कोळसे वाढवले आणि दार ओढून घेतले. मध्यरात्री माझे डोके ठणकू लागले, मळमळू लागले. उठून आईला हाक मारावी असे वाटले, पण पाय उचलेनात. बाळ बराच वेळ दूध मागत नाही हे लक्षात येत होते, आणि त्याची काळजी मात्र वाटत नव्हती. पुढे कितीतरी वर्षे मला ह्याच गोष्टीची लाज वाटत आली. असली कसली आई!

पहाटे न्हाऊ घालणारी मावशी आली. तिने घोंगडी बाजूला केली, आत पाहिले आणि कोणाला न विचारता शेगडी फडक्याने धरून थेट पडवीत नेऊन आपटली. खिडकीतल्या चिंध्या उपसल्या. बाळाला उचलून पावसाच्या झडीच्या कडेला, मोकळ्या हवेत नेले आणि त्याचे तळपाय चोळू लागली. “कोळशाची गुंगी चढलीया पोरीला. त्या खोलीत इस्तू ठेवू नगा,” असे ती आजीला बजावून सांगत होती. हे तिचे शब्द मी ऐकले होते. मला ते स्पष्ट आठवतात. आमच्या घरातल्या मोठ्या माणसांनीही ते ऐकले असतीलच. पण मोलाने न्हाऊ घालणाऱ्या बाईचे ऐकून बाळंतिणीची शेगडी बंद करायची, हे कोणाच्या मनालाही शिवले नाही. मीठ-मोहऱ्या उतरून झाल्या, अंगारा आला, खिडकीत नव्या चिंध्या बसल्या. बाळ वाचले ते त्या मावशीच्या हाताने, आणि श्रेय गेले अंगाऱ्याला. आमच्या घरात त्या रात्रीचे नाव ‘बाळंतवारा’ असे पडले आणि तेच लेकीच्या कानापर्यंत आले.

सगळे सांगून झाल्यावर लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला समजावून सांगितले. कोंदट जागेत कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. कोळसे लाल फुलले आणि धूर थांबला की आपण निश्चिंत होतो, पण ह्या वायूला धुराची सोबत लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते, आणि गुंगी आलेल्या माणसाला आपण संकटात आहोत हेच उमगत नाही. तान्ह्या बाळाला त्याचा धोका मोठ्यांहून अधिक. खिडकी किलकिली ठेवली म्हणजे भागले, असेही नाही. झोपायच्या खोलीत कोळसा पेटवूच नये, हाच त्यावरचा उपाय.

म्हणजे मी वाईट आई नव्हते. एवढी गोष्ट कळायला मला चाळीसहून अधिक वर्षे लागली, आणि ती मला माझ्या लेकीने सांगितली. शेगडी त्याच रात्री खोलीबाहेर गेली.

शेगडी गेली, तरी ‘मग ऊब कशी द्यायची?’ हा माझा प्रश्न खोटा नव्हता. जुन्या बायकांना एक गोष्ट अचूक ठाऊक होती: नवजात बाळ फार लवकर गार पडते आणि गार पडलेले बाळ हातचे जाऊ शकते. शेगडी हे त्या खऱ्या ज्ञानावरचे त्या काळचे उत्तर होते. लेकीच्या वहीमुळे मला ही सवय लागली, की रीत पाळायची की मोडायची ह्यावर भांडण्याआधी ती कोणत्या भीतीतून आली ते पाहायचे. भीती बहुधा खरी असते.

दवाखाना निवडतानाही तिने तेच केले. मी आमच्या ओळखीच्या, घराजवळच्या ठिकाणी जावे असे म्हणत होते. ती तिथे गेली आणि तिने विचारले, की रात्री अडचण आली तर भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात, बाळाचे डॉक्टर इथे असतात का, रक्त लागले तर कुठून आणावे लागते, प्रसूतीच्या वेळी माझ्याजवळ घरचे माणूस राहू शकेल का. उत्तरे पुरेशी वाटली नाहीत, तेव्हा तिने साताऱ्याचे रुग्णालय ठरवले. मला ते लांब वाटले. ओळखीपायी माणूस प्रश्न विचारायला संकोचतो, हे तिचे म्हणणे मला पटले. पण आपल्या पिढीला डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा वाटतो, हेही खरेच आहे.

नात जन्मली ती दिवसांच्या थोडी आधी, दोन किलो तीनशे ग्रॅम वजनाची. अडीच किलोच्या आतले बाळ कमी वजनाचे समजतात. पहिल्या तासातच तिला लेकीच्या छातीशी दिले आणि तिने पहिले घट्ट पिवळे दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते घेतले. माझ्या वेळी तो चीक पिळून टाकून दिला होता. रोगांशी लढणारे घटक त्यातच सर्वांत अधिक असतात हे आता आशाताईही सांगतात. तेव्हा ते जड, नासके दूध समजत असत.

आणि ऊब? परिचारिकेने बाळाला केवळ लंगोट, टोपडे आणि पायमोजे घालून लेकीच्या उघड्या छातीवर उभे बिलगवले आणि वरून दोघींना शाल पांघरली. ह्याला कांगारूसारखी काळजी म्हणतात. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात, पेट्या अपुऱ्या आणि अपुऱ्या दिवसांची बाळे पुष्कळ अशा रुग्णालयात, डॉ. एडगर रे यांनी १९७८ च्या सुमारास ही पद्धत सुरू केली. आईचे अंग हीच शेगडी. बाळ गार पडत नाही, दूध चांगले पिते, वजन धरते. आणि हे काम आईनेच करावे असे नाही. लेक दमली की जावई शर्ट उघडून बाळाला छातीशी घेऊन बसत. पहिल्या दिवशी मी मान वळवून बाहेर निघून गेले. आमच्या घरात पुरुषाने बाळंतिणीच्या खोलीत पाऊलही टाकलेले नव्हते. घरी आल्यावर एका पहाटे लेकीला गाढ झोप लागली होती, जावई पुण्याला गेलेले, आणि बाळाचे तळपाय मला गार लागले. मी दार लोटले, पातळाचा पदर सोडला आणि त्या एवढ्याशा जिवाला माझ्या सुरकुतलेल्या छातीशी धरून शाल पांघरली. तासाभराने तिचे तळपाय कोमट झाले होते. सहासष्टाव्या वर्षी मी शेगडी झाले. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. आजीला हे करता येते, हे माझ्या वयाच्या वाचकांना ठाऊक असावे म्हणून इथे लिहिते आहे.

त्याआधीचे चार दिवस मात्र कठीण गेले. तिसऱ्या दिवशी बाळाचा चेहरा पिवळा दिसू लागला, चौथ्या दिवशी पिवळेपणा पोटाखाली उतरला. पूर्ण दिवसांच्या दर दहा बाळांतही जवळजवळ सहांना अशी कावीळ होते आणि बहुतेकांची आपोआप ओसरते, हे खरे. म्हणून मी म्हणत होते, घरी नेऊन कोवळ्या उन्हात धरू. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले आणि बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवायचे ठरवले. डोळ्यांवर पट्टी बांधलेली नात त्या निळ्या उजेडात पाहून मी पार खचले. “उन्हात धरले असते तर काय बिघडले असते?” असे मी त्यांना जरा तोऱ्यातच विचारले.

त्यांनी मला उभ्या उभ्या एक हकिकत सांगितली. १९५६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या एक सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊन-वाऱ्यासाठी अंगणात नेत असत. एक बाळ परत आणल्यावर त्यांनी डॉक्टरांना दाखवले: त्याचा पिवळेपणा फिका झाला होता, केवळ चादरीच्या टोकाखाली झाकलेला त्रिकोणी तुकडा गडद पिवळा राहिला होता. त्यातून पुढे तिथल्या डॉक्टरांनी प्रकाशाचा उपचार बेतला आणि १९५८ साली तो प्रसिद्ध केला. “तेव्हा तुमचे ऊन खोटे नाही, आजी,” त्या म्हणाल्या, “पण उन्हाचे माप कोण धरणार? लहान वजनाच्या बाळाची कावीळ मर्यादेबाहेर गेली तर मेंदूला इजा होते, ऐकू येणे जाते. शिवाय पौषात बाळाला उघडे करून उन्हात धरले, तर ते गार पडेल किंवा पोळेल.” मी गप्प बसले. पहिल्या चोवीस तासांतच दिसणारी कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ, बाळ दूध न ओढता झोपूनच राहणे, दोन आठवड्यांनंतरही न जाणारी कावीळ, पांढुरकी शी किंवा गडद लघवी, ह्यांपैकी काहीही दिसले तर उन्हाची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हे त्यांनी माझ्याकडून वदवूनच घेतले.

मग त्यांनी सहज विचारल्यासारखा एक प्रश्न केला. “बाळाला जुन्या ट्रंकेतल्या कपड्यांत गुंडाळले होते का? डांबरगोळ्या घातलेल्या?”

माझ्या पोटात गोळा आला. लेकीने सारे कपडे धुवायला सांगितले होते आणि मी ते धुतलेही होते. पण एक दुपटे, माझ्या आईच्या इरकली लुगड्याचे, विरेल म्हणून मी धुतले नव्हते. नुसते झटकून, वाऱ्यावर धरून पिशवीत घातले होते, आणि तेच रुग्णालयात बाळाभोवती होते. त्याला डांबरगोळीचा वास अजून येत होता. मला तो वास पेटीतल्या मायेचा वाटत असे. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पी-डी नावाचे एक विकर कमी असते, अशा बाळाच्या अंगाशी डांबरगोळीतले नॅफ्थॅलीन आले तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते, असे त्यांनी सांगितले. बाळात ती उणीव आहे की नाही हे तपासल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तान्ह्याच्या कपड्यांत, कपाटात ह्या गोळ्या ठेवूच नयेत. आमच्या नातीची चाचणी निर्दोष आली. तिची कावीळ माझ्या दुपट्यामुळे झालेली नव्हती. अहवाल येईपर्यंतची ती दीड रात्र मात्र मी रुग्णालयाच्या बाकावर दुपटे मांडीवर घेऊन बसून काढली. लेक मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

घरी आल्यावर आशाताई ठरलेल्या दिवसांना येत. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक. आमच्या पहिल्या भेटीच्या वेळी आम्ही रुग्णालयात होतो. पुढच्या भेटींत त्यांनी बाळाचे वजन केले, ताप पाहिला, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, दूध सोडणे, अंग गार किंवा तापलेले लागणे, बाळ मलूल पडणे, ही धोक्याची चिन्हे त्यांनी मला शिकवली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या बायकांना हेच शिकवून घराघरांतले नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटवून दाखवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापले आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या भेटी त्यातूनच उभ्या राहिल्या. त्या श्वास मोजत असता मला सारखी आमची ती मावशी दिसत होती. तिला कोणी शिकवले नव्हते, आणि ती जाणत होती तेही कोणी विचारले नव्हते.

घुटीचा मुद्दा मी सर्वांत शेवटपर्यंत लढवला. सहाणेवर बाळहिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड यांचे मोजके वेढे उगाळायचे, ह्यात माझा हात धरणारी आमच्या आळीत दुसरी कोणी नव्हती. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नाही, पाणीसुद्धा नाही, असे लेकीने सांगितले तेव्हा मला वाटले, आता ह्या घरात माझे काम तरी काय उरले? खरे दुःख ते होते, घुटीचे नव्हतेच. एके दिवशी सहाण उलटी करून पाहिली. खालच्या बारीक भेगांत कितीतरी वर्षांचे किट बसले होते. मी ती धुऊन देवघरात चंदनाला ठेवली आणि मग कामे आपोआप सापडत गेली. रात्री दोनच्या दुधानंतर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे माझ्याकडे आले, तेवढाच वेळ लेकीला सलग झोप मिळे. आळिवाची खीर, बाजरीची भाकरी, मेथी हे पूर्वीसारखेच चालू राहिले. तिला लोहाच्या गोळ्या होत्याच, त्यांच्या मागेपुढे चहा मात्र मी देत नसे.

बारशाला विहीणबाई चांदीच्या वाटीत मध आणि उगाळायला सोन्याची अंगठी घेऊन आल्या. मोठ्या हौसेने आल्या होत्या. लेकीने माझ्याकडे पाहिले. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातल्या एका जंतूचे बीज बाळाच्या कोवळ्या आतड्यात रुजून अंग लुळे पाडणारा आजार होऊ शकतो, हे मला एव्हाना ठाऊक होते. पण भरल्या बारशात विहिणीला ते कसे सांगावे? मी त्यांना स्वयंपाकघरात नेले, शेगडीची सगळी हकिकत सांगितली, आणि मग म्हटले, “विहीणबाई, ही वाटी पहिल्या वाढदिवसाला तुमच्याच हाताने चाटवू.” त्यांनी बराच वेळ वाटीकडे पाहिले. “माझ्या धाकट्याला तर जन्मल्या जन्मल्या चाटवला होता,” एवढेच म्हणाल्या आणि पदराने वाटी पुसून पिशवीत ठेवली. रुसल्या असाव्यात. दुपारी पान लावताना पुन्हा बोलू लागल्या.

फाल्गुनात मी लेकीला आणि नातीला पुण्याला पोहोचवायला गेले. इमारतीतले सातव्या मजल्यावरचे घर, स्वच्छ, सुंदर. बाळाची खोली आकाशी रंगवलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक बाळाला आंघोळ घालायला न्हाणीघरात गेली. वारा लागू नये म्हणून तिने वरची झडप लावून घेतली होती, दारही लावले होते. बराच वेळ झाला. बाहेर आली तेव्हा म्हणाली, “आज डोके फार दुखते आहे गं, आंघोळ घालताना गरगरल्यासारखे झाले. झोप पुरत नाही, त्याने असेल.”

मी न्हाणीघरात गेले. भिंतीवर गॅसचा गिझर होता. आत निळी ज्योत जळत होती. मी वर पाहिले, तर बंद झडप.

हातातला टॉवेल टाकून मी आधी झडप उघडली, मग गिझर बंद केला आणि बाळाला घेऊन सज्ज्यात गेले. “माझ्या आईच्या घरी बाजेखाली होती,” मी लेकीला म्हटले, “तू भिंतीवर टांगली आहेस.” तिला कळायला क्षणभर लागला. मग ती खालीच बसली. एवढे वाचणारी, विचारणारी ती. पण तिच्या वहीत गिझर नव्हता, कारण तो रीत नव्हती, सोय होती. हवा खेळत नसलेल्या न्हाणीघरात जळणारा गॅस तेच करतो, जे कोळसा करतो. त्या दिवसापासून पाणी स्वयंपाकघरात तापवून बादलीत आणले. जावयांनी आठवड्याच्या आत माणूस बोलावून तो गिझर काढून टाकला आणि विजेचा बसवला. झडपेच्या जागी हवा बाहेर फेकणारा पंखा आला.

आषाढात तिघेही वाईला आली. नातीला सहा महिने पूर्ण होऊन वरणाच्या पाण्यात मऊ भात सुरू झाला होता. एका संध्याकाळी पावसाने उघडीप दिली, तेव्हा मी न्हाणीघरामागचे ते कोळशाचे पोते सोडले, आईची शेगडी भर अंगणात मांडली आणि कणसे भाजायला घेतली. लेक पायरीवर बाळाला घेऊन बसली होती. वाऱ्याची दिशा पालटली आणि धूर तिच्याकडे जाऊ लागला, तशी ती न बोलता उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. मी शेगडी चार हात आणखी लांब सरकवली.